टोपी कुणासाठी?

माझ्या ११ टोप्या परत आल्या, त्या दिवशी मला आधी राग आला.

एका रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या विभागासाठी त्या विणल्या होत्या. मागितल्या कुणीच नव्हत्या. मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीची केसाळ लोकर, तीन रंगांत, उगाच गालाला लावून बघावी अशी. प्रत्येकीवर गोंडा आणि कडेला बांधायला सॅटिनची फीत. महिनाभर रोज रात्री सगळं आवरलं की सुया घेऊन बसायचे. शेवटी पिशवी भरली आणि नेऊन दिली. आठवड्याभराने तिथल्या सिस्टरचा फोन आला. "ताई, टोप्या इतक्या सुंदर आहेत, की सांगायचं जिवावर आलंय," म्हणाली आणि मग सांगितलंच. मोहेरचे तंतू सुटून बाळाच्या नाकातोंडात जातात. गोंडा डोक्याखाली येतो. गळ्याशी फीत अजिबात नको. विभागातले कपडे एकत्र, गरम पाण्यात धुतले जातात, त्यात ही लोकर आटून घट्ट होऊन बसेल. शिवाय माप. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर २५-२६ सेंटिमीटर असतो. माझ्या टोप्या ३५ सेंटिमीटरच्या, म्हणजे पूर्ण दिवसांच्या बाळाच्या. त्या एवढ्याशा डोक्यावरून घसरून त्या थेट नाकापर्यंत आल्या असत्या.

दोन दिवस मी घुश्शात होते. 'एवढं फुकट करून द्या आणि वर यांचे नखरे' हे वाक्य मनात तयार होतं, एकदोघींना ऐकवूनही झालं. तिसऱ्या दिवशी पिशवी उघडून टोप्या पलंगावर मांडल्या आणि स्वतःलाच विचारलं, विणताना तुझ्या डोळ्यांसमोर काय होतं? खरं उत्तर होतं, रंग. आधी राखाडी, मग फिका जांभळा, की उलट? बाळ कुठेच नव्हतं. म्हणजे मला मोहेर विणायची हौस आली होती आणि ती भागवायला मी एक बाळ शोधलं होतं.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे. विणण्याचा आनंद विणणारीचा असतो आणि गरज घेणाऱ्याची. आपण आनंद कबूल करायला लाजतो, म्हणून त्याला कुटुंबाचं नाहीतर परोपकाराचं पांघरूण घालतो. त्यात आनंदही झाकला जातो आणि गरजही.

हे एकट्या माझ्याच बाबतीत होत असतं तर लेख लिहिला नसता. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडवरच्या पेंग्विनांची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. २००१ मध्ये तिथे समुद्रात तेल सांडलं आणि ४३८ छोटे पेंग्विन त्यात माखले. पेंग्विन चोचीने पिसं साफ करतो, तेव्हा तेल पोटात जातं आणि तो मरतो. शिवाय तेलाने पिसं चिकटली की ऊब टिकत नाही. म्हणून आंघोळ घालायची पाळी येईपर्यंत त्यांना लोकरीचे चिमुकले स्वेटर घातले. त्यांतले ९६ टक्के पेंग्विन वाचले. इथवर विणकामाची मान उंच व्हावी अशीच हकीकत आहे. पुढे मात्र या स्वेटरांची बातमी जगभर गेली, पुन्हापुन्हा जात राहिली, आणि तेल सांडलेलं नसतानाही स्वेटर येतच राहिले. शेवटी तिथल्या संस्थेला 'आता पुरेसे आहेत' असं सांगावं लागलं. जास्तीचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकायला ठेवले आणि त्यातून निधी उभा केला. संस्थेने त्यातूनही मार्ग काढला, हे तिचं कौतुकच. पण खऱ्या पेंग्विनसाठी मापात विणलेला स्वेटर कापसाच्या पेंग्विनच्या अंगावर गेला, हे विसरू नये.

२०१९-२० च्या वणव्यांत ऑस्ट्रेलियातच पुन्हा तसंच घडलं. भाजलेल्या कांगारूंच्या पोरक्या पिल्लांसाठी पिशव्या हव्यात अशी हाक 'अ‍ॅनिमल रेस्क्यू क्राफ्ट गिल्ड'ने दिली आणि जगभरातून इतकं सामान येऊन पडलं, की नवं काही शिवू नका, असं त्यांनाच सांगायची वेळ आली. हाक खरी होती, पण थांबायची हाक आधीच्या हाकेइतकी लांब जात नाही. सुया हातात असलेल्या माणसाला 'थांबा' ऐकू येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

यावर हिशेबी मंडळींचं उत्तर तयार असतं. विणता कशाला, तेवढे पैसे द्या. ते चुकीचं म्हणता येणार नाही, पण अर्धवट आहे. मोठ्या माणसाच्या एका साध्या स्वेटरचं गणित करून बघा. मध्यम लोकर, १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी. छाती १०० सेंटिमीटर म्हणजे २२० टाके, उंची ६० म्हणजे १८० ओळी. नुसत्या धडाचे ३९,६०० टाके झाले. बाहीला सरासरी ७० टाके धरले आणि १३५ ओळी, तर दोन बाह्यांचे १८,९००. एकूण ५८,५००. मिनिटाला ३० टाके, हात न थांबवता, तर साडेबत्तीस तास. मुंढे, गळा, शिवण आणि उसवाउसवी वेगळी. (उसवाउसवी माझ्या बाबतीत किती, हे विचारू नका.) एवढ्या तासांची मजुरी धरली तर हा स्वेटर कुणीही घेणार नाही, आणि यंत्र तो काही मिनिटांत करून टाकतं. विणणारं यंत्र काही कालपरवाचं नाही. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायची चौकट १५८९ मध्ये बनवली होती. म्हणजे हाताचं विणकाम सव्वाचारशे वर्षांपासून 'परवडत नाही' आणि तरी बंद पडलेलं नाही.

ते का, हा प्रश्न हिशेबी मंडळी विचारत नाहीत. रात्रीचे ते साडेबत्तीस तास मी विणलं नसतं तर कमावलेही नसते. ते तास पैशात मोडता येत नाहीत, कारण ते बाजारात कधी गेलेच नव्हते. लोकरीचे पैसे मात्र खरे असतात, आणि ते सरळ देता आले असते हा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून मी दानासाठी विणते तेव्हा स्वतःला एक प्रश्न घालते. हीच वस्तू तयार मिळते का, आणि मिळणारी तितकीच चांगली आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर लोकर न घेता पैसे द्यावेत. विणण्याची हौस दुसऱ्या कशावर भागवावी.

पण काही वेळा उत्तर 'नाही' असतं, आणि तिथे हाताला खरोखर तोड नसते. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट नावाच्या बाईंची २०११ मध्ये स्तनाच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रिया झाली. स्तन काढल्यावर सिलिकॉनचा कृत्रिम स्तन लगेच लावता येत नाही. जखम भरायला काही आठवडे जातात, आणि पुढेही तो जड वाटतो, उकडतं, घाम येतो. डॉक्टरांकडे त्यांना विणलेल्या स्तनाची कल्पना दिसली आणि मैत्रिणीने एक विणून दिला. मऊ लोकरीची गोल वाटी, आत भरण, मागचं तोंड मोकळं, म्हणजे भरण कमीजास्त करून दुसऱ्या बाजूशी जुळवता येतं. नेहमीच्या ब्रामध्ये सरकवायचा, मळला की धुवायचा. त्यातून 'निटेड नॉकर्स' ही संस्था उभी राहिली आणि ती अशा जोड्या फुकट देते. वीण ठरलेली, कोणती लोकर चालेल याची यादी ठरलेली, आणि माप जिला हवं तिने सांगायचं.

ही वस्तू मी एकदा विणून बघितली. चार सुयांवर गोल विणताना दर काही टाक्यांनी दोन टाके एकत्र घ्यायचे, म्हणजे वाटी आवळत मधल्या टोकाशी येते. शेवटी सात-आठ टाके उरतात, त्यांतून धागा ओवून ओढायचा. दिसायला काही खास नाही. गोंडा नाही, फीत नाही, कुणी फोटो काढून 'किती गोड' म्हणणार नाही. आत खरखरीत गाठ राहिली तर ती थेट शस्त्रक्रियेच्या व्रणावर टोचणार, म्हणून शेवटचं टोक लपवायला मला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा मी रंगाचा विचार केला नाही.

अशी उदाहरणं बघितली की एक गोष्ट लक्षात येते. जिथे हातकामाचं दान खरोखर उपयोगी पडलं, तिथे आधी कुणीतरी माप ठरवून दिलेलं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लोकरीचं दुकान चालवणाऱ्या एव्ही रोझेन यांनी १९९१ मध्ये 'वॉर्म अप अमेरिका' सुरू केलं, तेव्हा त्यांनी लोकांकडे चादरी मागितल्याच नाहीत. ७ इंच बाय ९ इंचाचा तुकडा मागितला. असे ४९ तुकडे जोडले की ४९ बाय ६३ इंचाचं पांघरूण होतं. शिकाऊ मुलीचा वाकडा तुकडा आणि जाणत्या बाईचा रेखीव तुकडा शेजारीशेजारी बसतात, आणि पांघरूण उबदारच होतं. अर्धवट राहिलेली चादर कपाटात पडून राहते, तशी भीती एका तुकड्याबाबत नसते. विणणारीच्या हौसेचा आणि थंडीत कुडकुडणाऱ्याच्या गरजेचा इतका साधा मेळ मला दुसरीकडे दिसलेला नाही.

दानाच्या विणकामाने कुणाचं नुकसानही होऊ शकतं, हे तर आपल्या गावीच नसतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या १९१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या राणी मेरीच्या नावाच्या नीडलवर्क गिल्डने घराघरांतल्या बायकांना सैनिकांसाठी शिवायला-विणायला सांगितलं. देशसेवा, राणीची हाक, हातात सुई. नाही कोण म्हणणार? मजूर चळवळीतल्या मेरी मॅकार्थर म्हणाल्या. युद्ध लागताच शिवणकाम करून पोट भरणाऱ्या हजारो बायकांचं काम गेलं होतं, आणि उरलेसुरलेलं काम खात्यापित्या घरच्या बायका फुकट करू लागल्या तर या बायकांनी खायचं काय, असा त्यांचा सवाल होता. राणीने तो ऐकून घेतला, आणि बेकार बायकांना मजुरी देऊन काम देण्यासाठी वेगळा निधी उभा राहिला. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी मॅकार्थरबाईंचा प्रश्न शिळा झालेला नाही. मी फुकट वाटते ते विणून जर कुणी चार पैसे मिळवत असेल, तर तिच्याकडून विकत घेऊन दान करणं हे दुहेरी दान आहे. त्यात माझी हौस भागत नाही, एवढीच त्यातली अडचण.

आता घरातल्यांविषयी. तिथे हे सगळं आणखी बिकट असतं, कारण रुग्णालयाची सिस्टर टोप्या परत पाठवू शकते, भाचा पाठवू शकत नाही. माझ्या भाच्यासाठी मी तो सात वर्षांचा असताना दोऱ्यांच्या विणीचा स्वेटर विणला. दोन टाके जादा सुईवर बाजूला घ्यायचे, पुढचे दोन विणायचे, मग बाजूचे आणायचे; पाठपोट सगळीकडे. गळा मात्र मी घट्ट बंद केला होता. तो घालताना पोराचे कान लाल झाले, डोकं मध्येच अडकलं आणि आतून आवाज आला, "आत्या, छान आहे." आजही मला ते आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते. कारण त्यानंतर मी येणार असले की त्याला तो स्वेटर घातला जायचा. "आत्याने एवढे कष्ट घेतलेत" हे वाक्य त्या मुलाने किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. भेट म्हणून दिलेली वस्तू कर्ज झाली होती, आणि त्याचा हप्ता तो खाजवत फेडत होता.

बाळांच्या बाबतीत तर आपली माया वैद्यकशास्त्राच्या आड येते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागी सैल पांघरूण, मऊ खेळणी काहीच नको, आणि जन्मानंतरचे पहिले काही तास किंवा अतिदक्षता विभाग सोडला तर घरात बाळाला टोपीही नको, कारण अंग तापतं. म्हणजे तीच टोपी अपुऱ्या दिवसांच्या बाळाला विभागात ऊब देते, आणि घरी पाळण्यात झोपलेल्या धडधाकट बाळाला नको असते. हे नव्या आईला माहीत असतं. विणणाऱ्या मावशीला, आत्याला, आजीला नसतं, आणि आई सांगायला गेली तर ही रुसते.

मग इतकं करूनही विणायचं का? याचं उत्तर माझ्यापाशी एकच आहे आणि त्याला परोपकाराशी काही देणंघेणं नाही. मला आवडतं. सुलट, उलट, सुलट, उलट. बोटांना काम असतं आणि डोकं मोकळं होतं. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) एका नियतकालिकात ३,५४५ विणणाऱ्यांची पाहणी छापून आली होती. जितकं वारंवार विणणं, तितकं शांत आणि आनंदी वाटणं, असा तिचा सूर होता. आता विणकाम करणाऱ्यांनाच विणकामाबद्दल विचारणं म्हणजे देवळाच्या दारात उभं राहून श्रद्धेची पाहणी करण्यासारखं आहे, तेव्हा त्यावरून फार मोठे निष्कर्ष मी काढणार नाही. पण आनंद होतो हे सांगायला मला पाहणी कशाला लागावी?

लागते, कारण आनंदासाठी वेळ घालवायचा तर बायकांना कारण द्यावं लागतं. डोंगर चढून आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, हा डोंगर कुणासाठी चढलास? बुद्धिबळ खेळणाऱ्याला विचारत नाही, हा डाव कुणाला देणार? सुया घेऊन बसलेल्या बाईला मात्र पहिला प्रश्न तोच येतो. कुणासाठी विणतेस? आणि तिच्याकडे नाव तयार असावं लागतं. नातू, भाचा, अनाथाश्रम, पेंग्विन. 'कुणासाठीच नाही' हे उत्तर ऐकून समोरचा गडबडतो, आणि खरं सांगायचं तर ते देताना आपलीही जीभ अडखळते. नको असलेल्या टोप्यांचे डोंगर माझ्या मते इथून सुरू होतात. वाढतो तो परोपकार नसतो, अपराधीपणा असतो, आणि तो आपण मापात विणत नाही.

विणकाम मुळात बायकांचंच, हाही एक गैरसमज. युरोपात कित्येक शतकं विणकऱ्यांच्या संघांत पुरुष होते आणि शिकाऊ उमेदवारी करून उस्ताद होत होते. त्यांना कुणी कारण विचारल्याचं ऐकिवात नाही.

एक अपवाद मी मान्य करते. कधीकधी वस्तू कुणाच्याच उपयोगाची नसते आणि तरी ती हातानेच करावी लागते. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत जी प्रचंड गोधडी शिवली गेली, तिचा एकेक तुकडा ३ फूट बाय ६ फुटांचा होता, साधारण एका कबरीएवढा. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. ती गोधडी कुणी पांघरणार नव्हतं. ज्यांची नावं घ्यायला घरचेही कचरत होते, त्यांची नावं मित्रांनी, जोडीदारांनी, आयांनी टाका टाका घालून लिहिली. तिथे 'त्यापेक्षा पैसे द्या' म्हणायची कुणाची हिंमत होईल? पण तिथेही एक गोष्ट बघा, तुकड्याचं माप ठरलेलं होतं.

संस्थांनाही माझं एक सांगणं आहे. भिडेखातर घेऊ नका. दात्याचं मन मोडू नये म्हणून हसून घेतलेल्या पिशव्या कोठीघरात साठतात, त्या लावायला माणूस लागतो, शेवटी कुणीतरी रात्री गुपचूप त्या टाकून देतं. त्यापेक्षा काय हवं, किती हवं, कोणत्या धाग्याचं, कसं धुतलं जाईल आणि कधीपर्यंत, हे चार ओळींत लिहून लावा. 'सध्या नको' हेही लिहा. माझ्या टोप्या परत पाठवणारी सिस्टर या सगळ्यांत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. तिने मला भिकारणीला झुलवावं तसं झुलवलं नाही आणि मिठाला जागल्यासारखं बाळांची बाजू घेतली.

तिच्याकडून मी माप मागून घेतलं. सुती धागा, फिका रंग, घेर २६ सेंटिमीटर, काठ दुमडता येईल असा, गोंडा नाही, फीत नाही, शिवण नाही. दर तीन महिन्यांनी ती किती लागतील ते कळवते. या टोप्या विणायला कंटाळवाण्या आहेत. दोन सुलट दोन उलट करत काठ, मग नुसतं सुलट, मग टाके कमी करत माथा. एका बैठकीत एक होते. पहिल्यांदा तिने २० सांगितल्या, नंतर ८.

या वेळी फोनवर म्हणाली, "ताई, आत्ता एकही नको. भरपूर आहेत."

त्या रात्री मी मोहेरच्या ११ टोप्या काढल्या आणि उसवायला घेतल्या. मोहेर सहजी उसवत नाही, तंतू एकमेकांना धरून बसतात. एकेक टाका नखाने सोडवावा लागतो, घाईने ओढलं तर धागा तुटतो. चार रात्री गेल्या. निघालेला धागा कुरळा झाला होता, तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड्या केल्या, कोमट पाण्यात बुडवल्या आणि सावलीत टांगल्या. वाळल्यावर तो पुन्हा सरळ झाला. मग जाड सुईवर ७२ टाके घातले.

बहीण आली होती. शालीचा हातभर तुकडा बघून तिने विचारलं, "कुणाला गं ही?"

"मला," म्हटलं, आणि ओळ मोजायला चुकले.